धावपळीच्या दिवसातील वीस मिनिटे : तरुण आणि नित्य धम्म-अभ्यास

(वर्षावास व्याख्यानमालेत विद्यार्थी व तरुण कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



आजच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो असा : "तरुणांचा दैनंदिन आध्यात्मिक अभ्यास". यातील 'आध्यात्मिक' या शब्दाबद्दल आरंभीच थोडा खुलासा केला पाहिजे. हा शब्द आत्म्यापासून निघाला आहे आणि बुद्धाचा धम्म आत्मा मानीत नाही. तेव्हा आम्ही येथे ज्या अभ्यासाविषयी बोलणार आहोत तो आत्म्याचा शोध नव्हे. तो चित्ताचा अभ्यास आहे, शीलाचा अभ्यास आहे, आणि माणसाने माणसाशी कसे वागावे याचा अभ्यास आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतील फरक सांगताना धम्म हा मूलतः सामाजिक आहे असे प्रतिपादन केले आहे. एकटा मनुष्य असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्म आवश्यक होतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे हा अभ्यास घरादारापासून आणि नोकरी-शिक्षणापासून दूर पळण्याचा मार्ग नाही, हेही आपोआप स्पष्ट होते.

वेळ नाही, ही तक्रार

अभ्यासाचा विषय निघाला की तरुणांकडून पहिले उत्तर येते, "वेळच मिळत नाही." वडीलधारी मंडळी हे उत्तर ऐकून रागावतात. आम्हाला मात्र ते रागावण्यासारखे वाटत नाही, कारण त्यात खरेपणा आहे. बदलापूर किंवा विरारहून मुंबईत कामाला येणारा तरुण सकाळी अंधारात घर सोडतो आणि रात्री जेवणाच्या वेळी परततो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतो आणि त्याच्या मनावर आईबापाच्या कष्टाच्या पैशाचे ओझे असते. रुग्णालयात परिचारिका असलेल्या मुलीची पाळी आज दिवसाची तर उद्या रात्रीची. मोटारसायकलवरून घरोघरी सामान पोहोचविणाऱ्या मुलाला तर किती वाजता जेवायचे हेही आदल्या दिवशी सांगता येत नाही. या सगळ्यांना "पहाटे चारला उठा आणि दोन तास ध्यान करा" असे सांगणे सोपे आहे, पण त्याने कोणाचेही कल्याण होणार नाही.

म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे : ज्याच्या दिवसावर त्याची स्वतःची सत्ता फार थोडी आहे, त्याने धम्माचा अभ्यास कसा करावा? आणि त्याही आधीचा प्रश्न, त्याने तो का करावा?

अभ्यास थांबला तर काय जाते?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य चंद्रमणी महास्थविरांच्या हस्ते बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी तेथे पंधरा-सोळा वर्षांचे असलेले जे कोणी आज हयात आहेत, त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्या पिढीतील पुष्कळ स्त्री-पुरुषांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी वंदना कानांनी ऐकून पाठ केली, बावीस प्रतिज्ञा ऐकून लक्षात ठेवल्या, आणि घरातील जुने देव्हारे उतरविण्याचे धैर्य त्या ऐकलेल्या शब्दांच्या बळावर दाखविले. ही पिढी आता आपल्यातून जात आहे. तिच्याजवळ ग्रंथ नव्हते, पण जे तिने ऐकले ते तिच्या वागण्यात उतरले होते.

आजच्या पिढीची स्थिती उलट आहे. ती शिकलेली आहे. ग्रंथ तिच्या घरात आहे आणि तिच्या खिशातील मोबाईलमध्येही आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली, आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होते. हा आकडा मोठा आहे, परंतु जनगणनेच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने धम्म पुढच्या पिढीकडे जात नाही. उद्या तुमच्या घरातील लहान मूल विचारील, "आपल्याकडे लग्नात असेच का करतात? शेजारी मुहूर्त काढतात, आपण का काढत नाही?" त्या वेळी "आपल्यात नसतं तसं" एवढेच उत्तर तुमच्याजवळ असेल, तर ते मूल धम्माकडे एक निषेधांची यादी म्हणून पाहील. कारण सांगता आले, तर तेच मूल विचार करायला शिकेल. एका घरातील धम्म टिकणे किंवा विरणे अशा छोट्या उत्तरांवर अवलंबून असते, आणि ही उत्तरे अभ्यासावाचून येत नाहीत.

दुसरी गोष्ट आणखी जवळची आहे. परीक्षेचा निकाल लागतो आणि दोन गुणांनी नाव यादीत येत नाही. नोकरी जाते. घरात आजारपण येते. कार्यालयात कोणी जातीवरून टोमणा मारतो. अशा दिवशी मन कोठे जाते? ज्याने मनाची मशागत केलेली नाही त्याचे मन रागाकडे, व्यसनाकडे किंवा निराशेकडे जाते. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते, असे आपल्याकडे म्हणतात ते खोटे नाही. रोजचा अभ्यास ही ती आधी खणलेली विहीर आहे.

धम्म फुरसतीच्या माणसांसाठी आहे काय?

काही जणांचा समज असा की, हे सर्व भिक्खूंचे काम. संसारी माणसाने पौर्णिमेला विहारात जावे, वंदना म्हणावी आणि परत यावे. हा समज तथागतांच्या काळीही होता. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. त्याला व्यग्घपज्ज असेही म्हणत. तो भगवंतांकडे आला आणि त्याने सरळ सांगितले की, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन-फुले वापरणारी, सोन्यानाण्याचा व्यवहार करणारी माणसे आहोत. आमच्यासारख्यांच्या या जीवनात आणि पुढेही हित होईल असा धम्म आम्हाला सांगा.

तथागतांनी त्याला "आधी घर सोड" असे म्हटले नाही. त्यांनी या जीवनातील हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. पहिली उत्थानसंपदा, म्हणजे आपला जो व्यवसाय असेल त्यात कौशल्य आणि उद्योगीपणा. दुसरी आरक्षसंपदा, म्हणजे घामाने मिळविलेल्याचे रक्षण. तिसरी कल्याणमित्रता, म्हणजे चांगल्यांची संगत. चौथी समजीविका, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा तराजू सांभाळून केलेला संसार. त्यानंतर श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार संपदा सांगितल्या.

विद्यार्थी मित्रांनो, या यादीत पहिले स्थान कशाला आहे ते पाहा. आपले काम नीट शिकणे आणि नीट करणे हाच धम्माचा आरंभ आहे. तेव्हा अभियांत्रिकीचा, परिचर्येचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास एका बाजूला आणि धम्माचा अभ्यास दुसऱ्या बाजूला, अशी भिंत घालण्याचे कारण नाही. समजीविकेचेही तसेच. हप्त्यावर घेतलेला महाग मोबाईल, त्यासाठी मित्रांकडून उसने पैसे, आणि ते फेडण्यासाठी मोबाईलवरच खेळलेला जुगार, हे चक्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना दीघजाणूला केलेला उपदेश जुना वाटणार नाही. त्याच उपदेशात तथागतांनी दारू, जुगार आणि वाईट संगत यांनी संपत्तीचा तलाव कसा रिकामा होतो हे सांगून ठेवले आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण

अपुरी जागा आणि अपुरा वेळ यांची गोष्ट निघाली की आपल्याला बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवले पाहिजे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब, त्याच खोलीत स्वयंपाक. अशा जागेत भीमराव लवकर झोपत आणि पिता रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. पुढे ते १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते एक पुस्तक एका विद्यार्थ्याच्या हातात पडले, त्याने ते मनापासून वाचले, आणि पुढे ४९ वर्षांनी नागपूरला जे घडले त्याचे बीज त्या वाचनात होते. पुस्तक भेट देण्याची आपली पद्धत किती मोलाची आहे हे यावरून कळते. पण ते पुस्तक वाचले गेले, हे त्याहून मोलाचे.

बाबासाहेबांना पुढील आयुष्यात वेळ मुबलक होता, असेही नाही. संसदेचे काम, संस्थांचे काम, चळवळीचा व्याप आणि त्यात प्रकृती साथ देत नसताना त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पालीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह यांचेही काम त्यांनी केले, जे महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालेच्या १६ व्या खंडात छापलेले आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही हा माणूस विद्यार्थीच राहिला होता. आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो तेव्हा त्या प्रतिमेच्या हातातील पुस्तकाकडेही पाहिले पाहिजे.

अभ्यास म्हणजे नेमके काय?

पाली वाङ्मयात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकून-वाचून येते ती श्रुतमयी, स्वतः विचार केल्याने येते ती चिंतनमयी आणि मनाच्या प्रत्यक्ष सरावाने येते ती भावनामयी. नुसते वाचन म्हणजे ताटात वाढलेले जेवण. चिंतन म्हणजे चावणे. सराव म्हणजे पचविणे. तीनही हवीत, म्हणून रोजच्या अभ्यासाचेही तीन भाग करावेत.

आम्ही जो प्रघात सुचवितो तो वीस मिनिटांचा आहे. पहिली पाच मिनिटे त्रिसरण-पंचशील आणि शांत बसून श्वासाकडे लक्ष. पुढची दहा मिनिटे वाचन. शेवटची पाच मिनिटे वहीत दोन-तीन ओळी लिहिणे : आज काय वाचले, काय पटले, काय समजले नाही. न समजलेले मुद्दाम लिहावे, कारण रविवारच्या वर्गात त्याचाच उपयोग होतो.

वीस मिनिटांत काय होणार, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहू. धम्मपदात ४२३ गाथा आणि २६ वग्ग आहेत. रोज दोन गाथा अर्थासह वाचल्या तर सात महिन्यांत सारे धम्मपद होते. आठवड्याला एक वग्ग घेतला तर सहा महिन्यांत ते पूर्ण होते आणि वर्षात दोनदा वाचून होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे आठ खंड आहेत. रोज चार-पाच पाने वाचणारा तो ग्रंथ सहज वर्षाच्या आत संपवील. बावीस प्रतिज्ञा रोज एक याप्रमाणे घेतल्या तर बावीस दिवस लागतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास सुमारे तीन महिन्यांचा. त्यात प्रतिज्ञा, त्यांमागील कारणे आणि सिगालोवाद सुत्तातील सहा दिशांचे अर्थ, म्हणजे आईवडील, गुरू, पती-पत्नी, मित्र, कामगार-मालक आणि श्रमण यांच्याविषयीची कर्तव्ये, एवढा अभ्यास कोणालाही पुरा करता येईल.

वीस मिनिटे सलग मिळत नसतील तर ती तोडून घ्यावीत. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तेथे वाचन होईल. उभ्याने प्रवास असेल तर काल वाचलेल्या एका गाथेचा अर्थ मनात घोळविता येईल. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची सकाळ दुपारी उजाडते. तिचा अभ्यास दुपारी होईल. वेळ कोणती हे महत्त्वाचे नाही. ती वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली असावी, जसे अंघोळीनंतर किंवा जेवणाचा डबा खाऊन झाल्यावर. अशी बांधलेली वेळ सहसा चुकत नाही.

दोन थेरांच्या कथा

ज्यांना वाटते की आपली बुद्धी या अभ्यासाला पुरणार नाही, त्यांनी चुल्लपंथकाची कथा वाचावी. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, तेव्हा त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानेच त्याला निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला जवळ बसविले, एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि मळ जाण्याविषयीचे एक छोटे वाक्य म्हणत ते हातांनी चोळत राहण्यास सांगितले. हाताळून हाताळून फडके मळले आणि मळ कोठून येतो, मनावरचा मळ कसा जातो, हे त्याला उमगले. ज्याला एक गाथा येत नव्हती तो अर्हत झाला. पाठांतर कमी असल्याने कोणी धम्माबाहेर पडत नाही. आपली एक ओळ धरून ठेवण्याची चिकाटी तेवढी हवी.

याच्या उलट दुसरे तरुण असतात. एखादे प्रवचन ऐकून किंवा इगतपुरीला दहा दिवसांचे शिबिर करून येतात आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठणे, दोन-दोन तास बसणे, सारे त्रिपिटक वाचण्याचा संकल्प, असे एकदम सुरू करतात. पंधरा दिवसांत थकतात आणि मग वर्षभर तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी सोण थेराची कथा आहे. श्रीमंत घरात वाढलेला, कोमल पायांचा सोण चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला आणि घरी परत जाण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? ज्याने त्याने आपल्या वीणेची तार आपल्या दिनक्रमाप्रमाणे लावावी. परीक्षेच्या महिन्यात वीस मिनिटांची दहा झाली तरी चालतील. शून्य होऊ देऊ नये. आणि एखादा आठवडा सुटलाच तर खंत करीत बसण्यापेक्षा त्या रात्री पुन्हा आरंभ करावा.

राहुलाचा आरसा

अभ्यास झाला की नाही, हे ओळखायचे कसे? किती पाने वाचली यावरून ते कळत नाही. मज्झिम निकायात तथागतांनी आपला मुलगा राहुल याला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. त्याचप्रमाणे शरीराने, वाणीने आणि मनाने जे करायचे ते पुन्हा पुन्हा पाहून करावे, असे त्याला शिकविले : करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावर पाहावे. यातून मला किंवा दुसऱ्याला इजा होते काय? होत असेल तर थांबावे. होऊन गेली असेल तर जाणत्या माणसाजवळ ती सांगावी आणि पुढे सावध राहावे. चांगले झाले असेल तर आनंद मानावा.

हा आरसा तुमच्या हातातील मोबाईलला लावून पाहा. एक संदेश येतो. त्यात कोणाची निंदा आहे, एखादी अर्धवट बातमी आहे, किंवा बाबासाहेबांच्या नावावर खपविलेले असे वाक्य आहे, जे त्यांनी कोठे म्हटले याचा पत्ता नाही. पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे : हे खरे आहे काय? याने कोणाचे हित होईल काय? एवढे थांबता आले तर चौथ्या शीलाचा त्या दिवसाचा अभ्यास झाला. घरी आल्यावर आईवर आवाज चढण्यापूर्वी तो आपल्या लक्षात आला, तर सकाळच्या श्वासाच्या अभ्यासाचा उपयोग झाला.

पाठ म्हणणे आणि प्रश्न विचारणे

आपल्या अभ्यासात प्रश्नाला मोठी जागा आहे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती अकुशल आहे, अहिताची आहे असे स्वतःला कळले म्हणजे सोडावी, आणि हिताची आहे असे कळले म्हणजे आचरावी. राजा मिलिंदाने भदंत नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नोत्तरांचा 'मिलिंद-पञ्ह' हा ग्रंथ झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढले त्याला बाबासाहेबांच्या इच्छेने मिलिंदाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देण्यात जो अर्थ आहे तो प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखावा. म्हणून वर्गात कोणी अवघड प्रश्न विचारला तर वडील मंडळींनी त्याला उद्धट समजू नये.

आणखी एक निमित्त सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. मराठी माणसाला पाली शिकणे तसे अवघड नाही. लिपी देवनागरी वापरता येते आणि पुष्कळ शब्द घरचेच वाटतात. आठवड्याला पाच पाली शब्द वहीत लिहिले तर वर्षात अडीचशेहून अधिक होतात, आणि वंदना म्हणताना आपण काय म्हणतो ते कळू लागते.

कल्याणमित्र आणि घर

एकट्याने सुरू केलेला अभ्यास बहुधा तिसऱ्या आठवड्यात गळतो. आनंदाने एकदा तथागतांना म्हटले की, कल्याणमित्रता म्हणजे निम्मे ब्रह्मचर्यच होय. तथागतांनी त्याला थांबविले आणि सांगितले की, निम्मे नव्हे, ती संपूर्ण आहे. तेव्हा चार-पाच जणांचा गट करावा. रोज रात्री एकमेकांना "झाले" एवढाच निरोप पाठवावा. अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या हे उपोसथाचे दिवस आहेत. निदान पौर्णिमेला विहारात एक तास एकत्र बसून वह्या उघडाव्यात. गटात फार शिकलेला एक आणि कमी शिकलेला एक असावा. दोघांनाही फायदा होतो.

येथे मुलींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. महाविद्यालयातून आलेला मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच वेळी आलेली बहीण पोळ्या लाटायला जाते, ही स्थिती ज्या घरात असेल त्या घरात वेळेचा प्रश्न मुलीच्या वाट्याला दुप्पट आहे. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली. मग आपल्या घरात भावाने भांडी घासली तर बहिणीला वीस मिनिटे मिळतात, हा धम्माचाच अभ्यास आहे. आईसाठीही ही वीस मिनिटे राखावीत. आजी असेल तर तिच्याजवळ बसून तिला पाठ असलेली वंदना आणि छप्पनच्या आठवणी लिहून घ्याव्यात. तो ग्रंथ दुसरीकडे कोठे मिळणार नाही.

वडील मंडळींना विनंती

तरुणांना एवढे सांगितल्यावर संस्थेच्या ज्येष्ठ सदस्यांनाही दोन शब्द नम्रपणे सांगावेसे वाटतात. विहाराच्या कपाटातील ग्रंथ कुलपात असतील आणि किल्ली ज्यांच्याजवळ आहे ते गावाला गेले असतील, तर विद्यार्थ्याने काय वाचावे? कपाटाची यादी दारावर लावावी. किल्ली दोन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. संध्याकाळी दोन तास विहारातील दिवा आणि पंखा चालू राहील एवढी तरतूद करावी. घरात जागा नसलेला मुलगा शाळेचा अभ्यास करायला तेथे आला तरी त्याला येऊ द्यावे. वीस मिनिटे धम्माची तो आपण होऊन देईल. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग दरवर्षी ग्रंथांसाठी काढला तर दहा वर्षांत प्रत्येक वस्तीत एक चांगले ग्रंथालय उभे राहील. मिरवणुकीचा आवाज रात्री थांबतो. ग्रंथालयाचा उपयोग वर्षभर होतो.

मित्र-मैत्रिणींनो, तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता, म्हणजे सावधपणाचा, टाळाटाळ न करण्याचा. धम्मपदातील दुसऱ्याच वग्गाचे नावही अप्रमाद वग्ग आहे. त्यात बारा गाथा आहेत. रोज दोन घेतल्या तर सहा दिवसांचे काम. आज रात्री घरी गेल्यावर तेथून आरंभ करावा, एक साधी वही काढावी, तिच्या पहिल्या पानावर आजची तारीख घालावी आणि येत्या पौर्णिमेला ती वही घेऊन येथे यावे. पाने किती भरली हे कोणी मोजणार नाही. काय समजले नाही ते आपण सर्व मिळून वाचू.



नमो बुद्धाय! जय भीम!